बॉक्समध्ये नसलेले अकरा सेकंद

जबाब

मी, ब्रेकबाई या नावाने ओळखली जाणारी (कागदोपत्री नाव ओळखपत्र पाहून नोंदवहीत लिहून घेतले आहे), वय ५७ वर्षे, धंदा – मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवणे, राहणार – छापखान्यामागील गल्ली, दुसरा मजला, जिन्यासमोरचे दार, आज मंगळवार रोजी दुपारी सव्वा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पतीसह एकोणतीस वर्षांपासून राहते. पती पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त झाले आहेत. मुलगी लग्न होऊन परगावी असते. माझ्याविरुद्ध यापूर्वी कोणतीही तक्रार नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या गाडीला एका कुंपणाची धडक सोडल्यास अपघात नाही, आणि त्या वेळी स्टिअरिंग विद्यार्थ्याच्या हातात होते.

सदर जबाब हवालदारसाहेबांनी "सदर महिलेने सदर दुकानातील सदर वस्तू" असा लिहायला घेतला. मी म्हटलं, साहेब, एवढे सदरे कुठल्या शिंप्याकडून आणलेत? मी बोलते तसंच लिहा, नाहीतर मी सही करणार नाही. ते हसले आणि बरं म्हणाले. त्यामुळे इथून पुढचं माझ्या शब्दांत आहे.

ज्या दुकानाची गोष्ट आहे ते गाण्यांचं दुकान चौकात औषधांच्या दुकानाला लागून आहे. मालकांना मी भाऊ म्हणते, ते मला ताई म्हणतात. मी त्यांचं एकतीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे. आमचं काही भांडण नाही. आत्ता ते बाहेर बाकावर बसलेत, मांडीवर गाण्यांच्या सीड्यांचा तो बॉक्स घेऊन, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे.

आज सकाळी अकरा वाजता मी दुकानात गेले. काउंटरवर ठेवलेल्या बॉक्सचं प्लॅस्टिकचं सील मी गाडीच्या किल्लीनं फाडलं. आतली चौथी सीडी काढली आणि दुकानातल्याच मशीनवर लावली. हे मी केलं, शुद्धीत केलं आणि नाकारत नाही. का केलं, असं साहेब विचारतात. ते सांगायला चाळीस वर्षं मागं जावं लागेल. रिव्हर्स घ्यायला वेळ लागतो, तेवढी कळ काढा.

आमच्या तरुणपणी पाच जणांचा एक बँड होता. गाणारा उंच आणि काटकुळा, म्हणून आम्ही चाहते त्याला लांब्या म्हणायचो. तो अजून आहे, आता वाकलाय. त्यांच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर जिन्याचा फोटो होता, त्यामुळे त्या अल्बमला सगळे "जिना" म्हणतात. बारा गाणी. मी ती बारा गाणी आजवर सहा वेळा विकत घेतली आहेत. आधी मोठी तबकडी, मग कॅसेट, मग सीडी. पुढं त्याच सीडीत दोन गाणी जास्त घातली तेव्हा परत. पंचवीस वर्षं झाली म्हणून फोटोंचं पुस्तक जोडलं तेव्हा परत. आवाज उजळून काढलाय म्हणाले, तेव्हा आणखी एकदा. तो उजळलेला आवाज मला तरी काही वेगळा वाटला नाही, पण मी सगळ्यांना सांगत फिरले की वा, काय फरक आहे! आमचे हे म्हणतात, एकाच माणसाशी सहा वेळा लग्न केलंस आणि प्रत्येक वेळी हुंडाही तूच दिलास.

आता चाळीस वर्षं झाली म्हणून कंपनीनं हा बॉक्स काढला. त्यात पाच सीड्या, दोन तबकड्या, विटेएवढं जाड पुस्तक, जुन्या तिकिटाची नक्कल, लाकडी पायरीचा एक बोटभर तुकडा आणि बॉक्स हाताळायला पांढरे हातमोजे आहेत. हातमोजे! माझ्या विद्यार्थ्यांना गिअर टाकताना मी हातमोजे घालू देत नाही. किंमत ऐकून माझे डोळेच पांढरे झाले. माझ्या सव्वा महिन्याच्या पगाराएवढी आहे. नव्या पोरांसाठी तीच बारा गाणी साध्या पाकिटात स्वस्तात मिळतात. महाग कुणासाठी, तर ज्यांनी चाळीस वर्षं जीव लावला त्यांच्यासाठी. प्रेम जितकं जुनं तितकं बिल मोठं, हा कुठला न्याय? दुसरा कुठलाही दुकानदार जुन्या गिऱ्हाइकाला दोन पैसे कमी लावतो. हे लोक आपला जीव कुठं अडकलाय ते आधी बघतात आणि तिथंच किमतीची चिठ्ठी चिकटवतात.

मला त्या बॉक्समधली फक्त चौथी सीडी हवी होती. मी कंपनीत फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, चौथी सीडी वेगळी मिळत नाही, ती संपूर्ण अनुभवाचा भाग आहे." मी म्हटलं, बाळ, त्या सीडीतला अनुभव माझाच आहे. तिला वाटलं मी गंमत करतेय.

विचारल्यावरून सांगते की, चौथ्या सीडीवर जो कार्यक्रम आहे तो मी स्वतः टेप केलेला आहे. मी सतरा वर्षांची होते आणि दादा तेवीसचा. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. त्यानं पहिल्या तीन पगारांतून टेपरेकॉर्डर घेतला होता. नाटकाच्या छोट्या सभागृहात कार्यक्रम होता, दोनशे खुर्च्यांचं. टेप आत न्यायला बंदी. म्हणून तो आईच्या शालीत गुंडाळून मी पिशवीत घातला, पिशवी मांडीवर घेतली आणि मध्यंतरात कॅसेट उलटली तेवढं सोडलं तर दीड तास हलले नाही. पायाला मुंग्या येऊन पाय दगड झाला होता. त्या काळात त्यांचा कार्यक्रम दुसऱ्या कुणी टेप केला असेल तर मला माहीत नाही. कंपनीलाही सापडला नाही.

दादाबद्दल सांगायलाच हवं. दादा बोलताना अडखळायचा. लहानपणापासून. शब्दाचं पहिलं अक्षर तोंडात अडकायचं आणि सुटायचं नाही. मान वाकडी व्हायची, डोळे घट्ट मिटायचे. पोरं हसायची, मोठी माणसं दुसरीकडे बघायची. म्हणून त्यानं नोकरीही टपालाच्या वर्गीकरणाची धरली, तिथं बोलावं लागत नाही, पत्ते वाचायचे आणि खणात टाकायचे. बाकी सगळीकडे त्याच्या वतीनं मी बोलायचे. बसमध्ये तिकीट मी मागायचे, दवाखान्यात त्याचं दुखणं मी सांगायचे. त्यानं अर्धा शब्द काढला की पुढचा मी पुरा करायचे. माझा आवाज असा मोठा त्यामुळंच झालाय. विद्यार्थी म्हणतात, बाईंच्या गाडीला हॉर्न लागत नाही.

शब्द पुरा केला की दादा गप्प व्हायचा. मला वाटायचं, त्याला बरं वाटलं. त्याला आवडत नव्हतं हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही त्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं तेव्हा. "तू नको बोलूस. मला वेळ लागतो एवढंच." ती चिठ्ठी माझ्याकडे आहे, हवी तर हजर करीन.

तर त्या कार्यक्रमात शेवटी लांब्या म्हणाला, "शेवटचं एक. काय म्हणू?" सगळे एकदम ओरडायला लागले. आणि माझ्या शेजारी दादा उभा राहिला. जो माणूस बसमध्ये तिकीट मागत नव्हता तो दोनशे लोकांत उभा राहिला. लांब्यानं बोट दाखवलं, "तुम्ही, उभे आहात ते, बोला." सगळं सभागृह शांत झालं. दादाला "सातव्या मजल्यावरचा दिवा" हे गाणं हवं होतं. पहिलंच अक्षर अडकलं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मी तोंड उघडलं आणि ओरडणार, तेवढ्यात दादानं माझ्या खांद्यावर हात दाबला. मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. लांब्या वरून म्हणाला, "घाई नाही. मी कुठं जात नाही." आणि दादानं ते नाव पुरं घेतलं. मग खाली बसून माझ्याकडे वाकून म्हणाला, "जमलं गं." पिशवी माझ्या मांडीवर असल्यामुळे तेही टेप झालं.

दादानं तोंड उघडल्यापासून नाव पुरं होईपर्यंत अकरा सेकंद आहेत. मी घड्याळ लावून मोजलेत, एकदा नाही, कितीतरी वेळा.

दादा जाऊन एकवीस वर्षं झाली. छातीत दुखलं आणि संपलं, बेचाळिसाव्या वर्षी. त्याचा आवाज दुसऱ्या कुठंही नाही. फोनवर तो बोलायचा नाही, लग्नाच्या व्हिडिओत कॅमेरा आला की पाठ करायचा. ती कॅसेट मी वर्षातून एकदाच लावायचे, त्याच्या वाढदिवसाला. जास्त लावली तर फीत झिजेल अशी भीती. चार वर्षांपूर्वी आमच्या मशीननं दुसरी एक कॅसेट खाल्ली, फितीची अक्षरशः शेव झाली. तेव्हापासून मी ती लावायचीच बंद केली. कॅसेट कपाटात, आणि मी कपाटाबाहेर.

साहेब विचारतात की अशी वस्तू कंपनीला दिलीच का. तेच तर सांगतेय. दीड वर्षापूर्वी कंपनीनं चाहत्यांना आवाहन केलं. जुन्या कार्यक्रमांच्या टेप असतील तर पाठवा, मात्र नक्कल नको, मूळ कॅसेटच हवी, तीन महिन्यांत परत करू. आम्हा लोकांत मूळ कॅसेटला फार मान असतो, नकलेला कुणी विचारत नाही. मला वाटलं, त्यांच्याकडे मोठाली यंत्रं आहेत, जाणती माणसं आहेत, माझ्या फितीला इजा न करता आवाज कायमचा उतरवून घेतील. माझी भीती जाईल. आणि खरं सांगायचं तर, पुस्तकात माझं नाव येईल ही हौसही होती. नाव छापून येणार म्हणून मी शेजारणींनाही सांगून ठेवलं होतं. हेही लिहा. हावरटपणा झाला माझा, दुसरं काय.

कॅसेट पाठवली, पोच आली. तीन महिने झाले, सहा झाले. विचारलं की उत्तर यायचं, आपलं साहित्य संग्रहात सुरक्षित आहे. मग उत्तर आलं की आपल्या नावावर अशी नोंद सापडत नाही. मध्ये एकदा बॉक्सवर दहा टक्के सवलतीचं कुपन आलं, ते बॉक्स बाजारात यायच्या आठवडाभर आधी बाद झालं. माझीच कॅसेट मला सवलतीत, आणि तीही मुदत संपलेली! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तरीही मी बॉक्स घ्यायचं ठरवलं. गेल्या शनिवारी अर्धी रक्कम आगाऊ घेऊन दुकानात गेले. भाऊ म्हणाले, "ताई, आम्हाला दोनच आलेत आणि दोन्ही दातांच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलेत." हे डॉक्टर आमच्यातलेच जुने चाहते. आमच्या लोकांची एक रीत आहे, पक्का चाहता दोन घेतो, एक ऐकायला आणि एक सील न फोडता ठेवायला. सील फुटलं की मालाची किंमत निम्म्यावर येते. डॉक्टरांकडे कपाटभर सीलबंद गाणी आहेत. गावाच्या दाढा उपटतात, पण त्यांना स्वतःच्या प्लॅस्टिकला हात लावायचा धीर होत नाही. दोन्ही बॉक्स ते तसेच ठेवणार होते. म्हणजे माझा दादा कपाटात दोनदा बंद होणार होता, आणि ऐकणार कुणीच नाही.

म्हणून आज मी भाऊंना विनवायला गेले. म्हटलं, डॉक्टर संध्याकाळी पाचला येणार, त्याआधी दोन मिनिटं ऐकू द्या. भाऊ म्हणाले, "ताई, सील फुटलं तर डॉक्टर घेणार नाहीत आणि कंपनी परत घेत नाही. मी आधीच पैसे भरून बसलोय. माझ्या पोटावर पाय देऊ नका." त्यांचं काही चूक नव्हतं. मला ते पटलंही. तेवढ्यात त्यांना फोन आला, ते मागच्या खोलीत गेले. बॉक्स माझ्यासमोर होता. वर छापलं होतं, "आजवर कुणीही न ऐकलेला कार्यक्रम." कुणीही न ऐकलेला? माझ्या डोक्यात तिडीक गेली. किल्ली हातातच होती.

विचारल्यावरून सांगते की, त्या वेळी दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी चौथी सीडी लावली आणि शेवटच्या गाण्याच्या आधीवर आणली. आवाज इतका स्वच्छ की लांब्याचा श्वास ऐकू येत होता. माझ्या शालीची खसखस नव्हती, खोकणारे नव्हते, खुर्च्यांची करकर नव्हती. मी म्हटलं, वा, कामाची आहेत माणसं. मग लांब्या म्हणाला, "शेवटचं एक. काय म्हणू?" मी श्वास धरला. लगेच लांब्या म्हणाला, "घाई नाही. मी कुठं जात नाही." आणि ढोल सुरू झाला.

मधे काहीच नाही. दोन सेकंदसुद्धा नाहीत. मला वाटलं मशीन अडकलं. मी परत लावलं. मग परत. भाऊ सांगतात की सात वेळा लावलं, मी मोजलं नाही. पुस्तकात पान सेहेचाळीसवर या जागेबद्दल लिहिलंय, "गायकाचा प्रेक्षकांशी खेळकर संवाद. ध्वनिमुद्रण खासगी संग्रहातून, अनावश्यक आवाज काढून पूर्ण स्वच्छ केलेले." खासगी संग्रह म्हणजे मी. अनावश्यक आवाज म्हणजे माझा दादा.

राग कुठल्या कुठं गेला. मी स्टुलावर बसले ते उठलेच नाही.

भाऊ बाहेर आले, फाटलेलं प्लॅस्टिक बघितलं आणि कपाळाला हात लावला. मला बरंच बोलले. ते काय बोलले ते लिहायची गरज नाही, त्यांच्या जागी मी असते तर त्याहून जास्त बोलले असते. त्यांनी रागाच्या भरात पोलिसांना फोन केला. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, झालंय काय तुम्हाला?" मग मी त्यांना सांगितलं, जे आत्ता सांगितलं तेच, फक्त इतकं नीट नाही.

भाऊंचा कान तयार आहे, चाळीस वर्षं त्याच धंद्यात आहेत. त्यांनी हेडफोन लावले आणि ती जागा तीनदा ऐकली. हेडफोन काढून म्हणाले, "इथं कापलंय, ताई. एक टाळी अर्धीच आहे. सफाईनं केलंय, पण कापलंय." मग त्यांनी मशीन बंद केलं आणि बराच वेळ काउंटर पुसत राहिले. काउंटर स्वच्छच होता. शेवटी म्हणाले, "मी फोन करायला नको होता." तोवर ठाण्यातली दोन माणसं दारात आली होती.

भाऊ इथं आल्यापासून म्हणताहेत की माझी तक्रार नाही. साहेब म्हणतात, नोंद झाली म्हणजे जबाब घ्यावाच लागतो. घ्या. बॉक्सची पूर्ण किंमत मी देणार आहे, हप्त्यानं. भाऊ निम्मी म्हणाले, मी ऐकलेलं नाही. प्लॅस्टिक मी फाडलं, त्यांचा काय दोष? कंपनीनं माझ्या तोंडाला पानं पुसली म्हणून मी भाऊंच्या पुसायची का? डॉक्टरांनाही मी स्वतः जाऊन सांगणार आहे. ते बोलतील ते ऐकून घेईन. माझी एक दाढ तशीही दुखतेय.

साहेबांनी विचारलं की मग हा बॉक्स तुम्ही काय करणार, तुम्हाला हवं ते तर त्यात नाही. बॉक्स मी घरी नेणार. त्यात दादा नाही, पण "घाई नाही, मी कुठं जात नाही" हे आहे, आणि ते कुणाला म्हटलं होतं हे जगात मलाच माहीत आहे. हातमोजे भाऊंना देऊन टाकीन, काउंटर पुसायला होतील.

माझी स्वतःची तक्रार एवढीच की माझी कॅसेट मला परत मिळावी. मला नाव नको, भरपाई नको, फुकट बॉक्स तर नकोच नको. कॅसेटचं वर्णन: काळी, नव्वद मिनिटांची, पुढच्या बाजूवर निळ्या शाईत दादाच्या अक्षरात तारीख, झाकणाचा डावा कोपरा उडालेला, आत कागदाच्या घडीवर बारीक अक्षरात "हिनं पिशवी हलू दिली नाही" असं लिहिलेलं. फीत झिजलेली असेल, गुंतलेली असेल, तुटलेली असेल, तरी चालेल.

वस्तूची किंमत किती लिहू, असं साहेबांनी विचारलं. कोरी होती तेव्हा दोन कप चहाच्या भावात आली होती. मी म्हटलं, किंमत नाही असं लिहा. ते म्हणाले, तसं लिहिलं तर वरचे लोक शून्य असं वाचतात. म्हणून "सांगता येत नाही" असं लिहायला सांगितलं आहे.

येथपर्यंत लिहिलेलं साहेबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. एका ठिकाणी मी हरकत घेतली. साहेबांनी लिहिलं होतं, "मयत भावाने उभे राहून 'सातव्या मजल्यावरचा दिवा' हे गाणे म्हणण्याची विनंती केली." मी म्हटलं, साहेब, असं नव्हतं. असं तर कंपनीनंही केलं नाही, त्यांनी निदान सगळंच काढलं. तो जसा बोलला तसं लिहा. साहेब म्हणाले, "बाई, जबाबात तसं कसं लिहायचं?" मी म्हटलं, मी पण आयुष्यभर त्याचे शब्द असेच पुरे केले. आता नाही करायचे. साहेबांनी पेन खाली ठेवलं, मग परत उचललं आणि म्हणाले, "सांगा. सावकाश सांगा."

ती ओळ खोडून तिथं पुढीलप्रमाणे लिहून घेतली आहे आणि खाडाखोडीवर माझी सही आहे:

"स. स. सा. (इथं तो थांबला. कुणीतरी हसलं.) स. सात. सात. (इथं गायक म्हणाला, घाई नाही, मी कुठं जात नाही.) सा. सातव्या म. म. मजल्यावरचा दिवा." आणि त्यानंतर खाली बसून, हळू आवाजात, न अडखळता: "जमलं गं."

ही ओळ साहेबांनी मला पुन्हा वाचून दाखवली. एकही अक्षर गाळलं नाही. भाऊ बाकावरून उठून दारापर्यंत आले होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. अकरा सेकंदांहून थोडे जास्त लागले, पण मी मधे बोलले नाही.

जबाब पूर्ण ऐकला. मी सांगितलं तसाच आहे. सही केली.